फ्लॅट स्कीममधला पोळा: ना शेत, ना बैल अशा घरांसाठी

श्रावण संपत आला की नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या फ्लॅट स्कीममध्ये दोन प्रश्न सुरू होतात. पोरं विचारतात, तान्हा पोळा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, किती वाजता? मोठे विचारतात, वर्गणी किती? नवीन राहायला आलेली कुटुंबं आता तिसराही विचारतात: आमच्याकडे ना शेत ना बैल, मग आम्ही करायचं काय? हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी काटोल तालुक्यातल्या संत्रा-कपाशीवाल्या घरची लेक, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. स्कीमच्या तान्ह्या पोळ्याचं काम माझ्याकडे असतं, कारण दुसरं कोणी ते घेत नाही.

आधी एवढं लक्षात घ्या

बाहेरून आलेले लोक पोळ्याला पोंगल, बैसाखीच्या रांगेत बसवतात. सुगी झाली, धान्य आलं, देवाचे आभार मानले, असं. पण श्रावण अमावस्येला विदर्भात खरिपाचं पीक घरात आलेलं नसतं. सोयाबीन शेंगेवर असतं, कपाशीला पात्या-फुलं असतात, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी आटोपलेली असते. आमच्या काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची संत्री झाडावर हिरवीच असतात आणि फळगळीची धास्ती चालू असते. झालेलं असतं ते वखरणी, पेरणी, डवरणी, म्हणजे बैलाचं काम. पुढे पाऊस दगा देईल, बोंडअळी येईल, बाजारात भाव पडेल, यातलं काही ठाऊक नसताना बैलाला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं. पीक बुडालं तर दिलेली पोळी कोणी परत मागत नाही. राबणाऱ्याचा हिशेब पिकाच्या हिशेबात मिसळायचा नाही, हे मला या सणात सगळ्यात पटतं. बाकी सजावट ज्याच्या त्याच्या हौसेवर.

म्हणून सामानाची यादी करायच्या आधी स्कीममध्ये एक फेरी मारा आणि विचारा, तुमच्याकडे पोळा कसा असायचा? उत्तरं एकसारखी येत नाहीत. आणि ती ऐकल्याशिवाय कार्यक्रम ठरवला तर तो चार घरांचाच होतो.

आमच्या स्कीममधलंच सांगते. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आहे, त्यांचा बेंदूर आषाढातच होऊन गेलेला असतो. त्यांना पोळा म्हणजे तोच सण उशिरानं आल्यासारखा वाटतो, पण तान्हा पोळा त्यांनी नागपुरात येईस्तोवर पाहिला नव्हता. चौकीदार दादा छत्तीसगडचे. त्यांच्या 'पोरा'ला मातीचे चाकाचे बैल मुलांना आणि मातीची चूल, जातं, भांडीकुंडी मुलींना देतात, घरी ठेठरी-खुरमी होते. त्यांच्या बायकोला सणाला माहेरी जाता आलं नाही की त्या ठेठरीचा डबा आमच्या पायऱ्यांवर फिरतो. माझा चुलतभाऊ गावीच शेती करतो. त्यानं बैलजोडी विकली, ट्रॅक्टर घेतला. पण कपाशी वाढली की तिच्या ओळींत ट्रॅक्टर शिरत नाही, डवरणीला जोडी भाड्यानं आणावी लागते. तो पोळ्याला ट्रॅक्टर धुतो, त्याला हार घालतो आणि काकाचं बोलणं खातो. "बैल नाही त पोळा कायचा?" असं म्हणून काका मातीची जोडी करून पाटावर मांडतात. खेड्यात बैल नसलेली घरं अशीच मातीचे बैल पूजतात, तेव्हा फ्लॅटमध्ये मातीचे बैल मांडले तर ती काही नकल नाही.

आणि तळमजल्यावरचे काका. त्यांचे वडील सालदार होते, दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या करारावर. पहिल्याच वर्षी मी हौसेनं त्यांना पूजेचं आमंत्रण द्यायला गेले. ते म्हणाले, "मॅडम, बैल धुतले माझ्या बापानं, सजवले माझ्या बापानं, आणि तोरणाखाली मान मालकाचा. आम्ही पोळा दुरून पाह्यला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्या दिवशी बापाले नवे कपडे भेटत." ते बौद्ध आहेत, पूजेला येत नाहीत. मात्र बैल कसा धुवायचा, कासरा कसा धरायचा, बैल बुजला तर उभं कुठे राहायचं, हे आमच्या पोरांना दरवर्षी तेच सांगतात. अख्ख्या स्कीममध्ये ते कोणाला त्यांच्याइतकं ठाऊक नाही. तर आमंत्रण देताना सगळ्यांना 'पूजेला या' म्हणू नका. 'संध्याकाळी खाली या' म्हणा. पूजा करणारे करतील, बाकीचे पोरांसाठी येतील.

खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावी बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकतात आणि हळद-तूप, हळद-लोणी किंवा तेल चोळतात. जू सतत घासून तिथे सूज येते, कातडी सोलते. त्याला खांदेसूज म्हणतात. हंगामभर जू वाहिल्यावर हळद-तुपाची गरज असतेच. मग बैलाच्या कानाजवळ म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

फ्लॅटमध्ये हे करायला बैल नाही. आम्ही त्या संध्याकाळी आवतन देतो. पोरांना दोन-दोनच्या जोड्यांनी पाठवायचं: चौकीदार, झाडू मारणारी ताई, कचऱ्याच्या गाडीवरचे दादा, दूधवाला, पायऱ्या पुसणाऱ्या मावशी. "उद्या आमच्याकडे जेवायला या" असं त्यांच्या तोंडावर जाऊन सांगायचं, ग्रुपवर मेसेज टाकून नाही. आणि त्यांना बैल म्हणू नका हो! एकदा एका उत्साही बाबांनी भाषणात "हे आपल्या स्कीमचे बैल" असं म्हटलं आणि मावशींचा चेहरा मी पाहिला. आवतन द्या, भाषण नको. दुसरी गोष्ट, हे लोक सकाळी साडेनऊला मोकळे असतील तर जेवण साडेनऊला द्या. दुपारी दोनला वाढून "कोणी आलंच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

पोळ्याचा दिवस: खरा बैल पाहायचा असेल तर

पोरांना एकदा तरी खरा पोळा दाखवा. नागपूरच्या कडेला शहरात शिरलेली जुनी गावठाणं आहेत, तिथे अजून तोरण बांधतात का, हे ओळखीच्या दूधवाल्याला विचारा, त्याला हमखास ठाऊक असतं. नाही तर काटोल, सावनेर, उमरेड, कुही, रामटेक, कोणत्याही बाजूला ओळखीचं गाव असेल तिथे दुपारी तीनपर्यंत पोचा. दुपारभर बैल नदी-नाल्यावर धुतात. मग झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, नवी वेसण, नवा कासरा. आमच्या भागातला पांढरा, हलक्या अंगाचा, चालायला चपळ असा बैल दिसला तर पोरांना गवळाऊ जात दाखवा. वर्धा-नागपूरची ही आपली जात आहे आणि आता ती सहज दिसत नाही.

सगळ्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. कोणीतरी झडती म्हणतो, म्हणजे दोन-चार ओळींचा टोमणा. त्याच्या शेवटी सगळे ओरडतात, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!" एकाची झडती संपते न संपते तोच दुसरा उत्तर देतो. भाव, सरकार, सावकार, सासू, कोणी सुटत नाही. मानाचा बैल पुढे होतो, तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि जोड्या घरोघरी निघतात. दारात पाय धुवायचे, ओवाळायचं, घास द्यायचा आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवायचा. बोजारा विसरू नका. शहरातले लोक बैलासोबत फोटो काढतात आणि कासरा धरलेल्या माणसाकडे न बघता निघून जातात.

पुरणपोळीबद्दल कडक सांगते. बैल रवंथ करणारा प्राणी आहे, त्याचं पोट चाऱ्यासाठी आहे. गूळ, शिजलेली डाळ, कणीक एकदम जास्त गेली तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. गावात प्रत्येक दारात एक पोळी म्हटली तरी किती होतात बघा. म्हणून घास म्हणजे घासच, तुकडाभर. तुम्हाला हौस असेल तर सरकीच्या ढेपेचं पोतं घेऊन जा आणि मालकाच्या स्वाधीन करा. तो ती बेतानं खाऊ घालेल. शिंगांना ऑइल पेंट लावू नका, गेरू चालतो. कानाजवळ फटाके आणि डीजे नकोत. लम्पीची साथ येऊन गेल्यापासून गावचे लोकही सावध झालेत. अंगावर गाठी आलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका, मालकाला पशुवैद्यकीय दवाखान्याचं सुचवा. गर्दीत जोड्या एकत्र आणायला बंदी असेल त्या वर्षी घरच्या गोठ्यातच पूजा होते; तेही पाहण्यासारखं असतं.

स्वयंपाक

पुरणपोळी, कढी, वडे, भजी. एक किलो चण्याच्या डाळीत आमच्याकडच्या जाड पोळ्या तीसेक होतात; त्यावरून तुमचं गणित मांडा. तूप कमी करू नका. एवढंच.

पण स्वयंपाक कोण करतंय ते बघा. याच अमावस्येला पिठोरी असते, कितीतरी घरी आई मुलांसाठी उपास करते. म्हणजे बैलाला सुट्टी आणि तीच बाई उपाशीपोटी चार तास गॅसपाशी. आमच्याकडे आता पुरण वाटण्याचं आणि वडे तळण्याचं काम पुरुषांकडे आहे. पहिल्या वर्षी वडे चपटे झाले आणि कोणीही मेलं नाही.

दुसऱ्या दिवसाची सकाळ: मारबत

पोळ्याच्या संध्याकाळी गावी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. सकाळी त्या उचलून गावाबाहेर टाकताना ओरडायचं: "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" फ्लॅटच्या दारात एक डहाळी पुरे. ले-आउटमधला पळस ओरबाडू नका आणि सकाळी डहाळ्या पायऱ्यांवर पडू देऊ नका, ओल्या कचऱ्यात टाका.

शहरात या सकाळी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची सांगतात, पिवळीची 1885 पासूनची. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीच्या रागातून आली असं सांगतात. कोणी तिला पूतना म्हणतं. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते आणि इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले असतील त्याचा पुतळा. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, नेते. पोळा एका दिवशी आभार मानतो आणि दुसऱ्या दिवशी शिव्या घालतो, हे मला फार निरोगी वाटतं. लहान मुलांना मात्र नेहरू पुतळ्याच्या गर्दीत नेऊ नका, अलीकडच्या रस्त्यावर उंच ओटा शोधा. गाडी घरी ठेवा, मेट्रोनं जा.

तान्हा पोळा

संध्याकाळचा खेळ हा. नागपुरात तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला असं सांगतात. मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून लाकडी बैल त्यांच्या हाती दिले. आमच्या स्कीमला तेच तर हवं असतं: बैल नसलेल्यांचा पोळा, राजाच्याच मान्यतेनं!

नंदी, म्हणजे हा चाकांचा लाकडी बैल, घ्यायला चितार ओळीत जा, मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे. आदल्या दिवशी जाऊ नका, भाव चढलेले असतात आणि चांगले नंदी गेलेले असतात. आठवडाभर आधी जा. उचलून वजन बघा. सागवानाचा जड लागतो, हलका असेल तर लाकूड दुसरं काही आहे. चाकं फरशीवर फिरवून बघा, एक जरी डगमगलं तरी पोरगं शंभर पावलांत रडतं. शिंगं बसवलेल्या जागी बोट लावा. पहिली तिथेच निघतात. डोळे रंगवलेले नीट बघून घ्या, काही नंद्यांचे डोळे वेगवेगळ्या दिशांना असतात. लहान मुलासाठी वीतभर उंचीचा नंदी पुष्कळ झाला. घरात आजोबांच्या वेळचा असेल तर नवीन घेऊच नका. चाकं बदलून घ्या आणि जुना रंग तसाच ठेवा.

आता वाद होतो तो बक्षिसांचा. सगळीकडे 'सर्वात मोठा नंदी' आणि 'सर्वात सुंदर सजावट' यांना बक्षीस देतात. मी ते बंद केलं. मोठा नंदी म्हणजे बापाचा मोठा पगार आणि सुंदर सजावट म्हणजे आईचा रविवार. पोराचं त्यात काय? आम्ही बक्षीस झडतीला देतो. झडती पोरानं स्वतः रचायची, स्कीममधलीच असायची, कोणाच्या जातीवर, रंगावर, शरीरावर नको. बाकी सगळं चालतं. मागे सहावीतल्या एका पोरीनं म्हटलेली:

लिफ्ट पडली बंद, नंदी चढे जिना,
चौथ्या माळ्यावरची काकू बोजारा देईना,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

चौथ्या माळ्यावरची काकू म्हणजे मीच. नंतर बोजारा वाढवून द्यावा लागला.

कार्यक्रम पाऊण तासाच्या वर नेऊ नका, पोरांना घरोघरी फिरायची घाई असते. पार्किंगमध्ये दोन खांबांना तोरण बांधा, पोरांच्या हाताला लागेल इतकं खाली. नंदी एका ओळीत लावा, पुढे-मागे अशी मानाची रांग नको. तळमजल्यावरचे काका पाच मिनिटं बैलाबद्दल बोलतात. त्यांच्याआधी कोणत्याही नगरसेवकाला माइक देऊ नका. दिला तर काकांची वेळ येत नाही. मग झडत्या. तोरण तोडायला आम्ही मान कोणाला ठेवलेला नाही, दरवर्षी चिठ्ठी काढतो. मागच्या खेपेला चौकीदार दादांच्या मुलीची निघाली. तिचा बैल मातीचा, तिच्या आजीनं गावाहून पाठवलेला. चाकं मातीचीच असल्यामुळे तो ओढायचा नव्हता, तर तिनं तो ओंजळीत धरून तोरणाखालून नेला आणि बाकी सगळे लाकडी नंदी तिच्यामागून गेले.

तोरण तुटलं की पोरं दारोदारी. बोजाऱ्याचा एकच दर ठरवा, दहा रुपये, सगळ्यांना सारखा, नाही तर जिन्यात हिशेब होतात. चॉकलेट द्यायचं तर दहा रुपयांऐवजी नको, सोबत द्या. गेल्या वर्षी एका मुलानं नंदीच्या गळ्यात वडिलांचा क्यूआर कोड बांधून आणला होता. हुशारी चांगली, पण पोराच्या हातात नाणं पडायला पाहिजे. ज्या घरात दुःख झालं असेल, परीक्षा असेल किंवा ज्यांना हा सण करायचा नसेल, त्यांनी दारावर छोटा कागद लावायचा आणि पोरांनी ती बेल वाजवायची नाही, हे आधी सांगून ठेवा.

सण झाल्यावर नंदी पाण्यानं धुऊ नका, लाकूड फुगतं. कोरड्या फडक्यानं पुसा, आसाला थोडं खोबरेल तेल लावा, सुती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

तारीख दरवर्षी हलते. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पोळा 14 सप्टेंबरला गेला, 2025 मध्ये 22 ऑगस्टला होता. म्हणून कॅलेंडर बघूनच हॉलचं, मांडवाचं ठरवा. ग्रुपवर टाकायला आमची सूचना खाली देते, नावं-वेळा बदलून वापरा:

"सर्वांना नमस्कार. आज खांदमळणी. संध्याकाळी पोरं आवतन द्यायला निघतील, मोठ्यांनी सोबत जाऊ नये. उद्या सकाळी साडेनऊला खाली जेवण, आवतन दिलेल्यांना आधी वाढायचं. वडे तळायला पुरुष मंडळींनी सात वाजता यावे. परवा तान्हा पोळा, संध्याकाळी पाच वाजता, पार्किंगमध्ये. गाड्या चारपर्यंत बाहेर काढाव्यात. नंदी कोणताही चालेल: लाकडी, मातीचा, पुठ्ठ्याचा. झडती स्वतःची हवी, यूट्यूबवरची बाद. दहा-दहाची नाणी आजच आणून ठेवा, त्या दिवशी किराणावाल्याकडे मिळत नाहीत. पाच ते सात लिफ्ट नंद्यांसाठी राखीव."